लोगो दिसतोय, मग स्क्रीन कशी काय गेली?

जुलैची १८ तारीख, संध्याकाळचे साडेसात, बाहेर छत्री उघडून काही उपयोग नाही असा भांडुपचा पाऊस, आणि मी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला लॅपटॉप पोटाशी धरून घरी आले. ७०० रुपये देऊन 'सॉफ्टवेअर रिपेअर' करून आणलेला. दुकानातल्या मुलाने माझ्यासमोर उघडून दाखवला होता, झकास चालत होता, आधीपेक्षा फास्टच. घरी आले, चहा टाकला, लॅपटॉप उघडला तर कोपऱ्यात मेसेज, रिस्टार्ट करा. केला रिस्टार्ट. लोगो आला, खाली ते गोल फिरणारे ठिपके आले, आणि मग काळं. नुसतं काळं, माऊसचा बाण पण नाही.

मी घरबसल्या तीन दुकानांचे हिशेब लिहिते, एक किराणा, एक मेडिकल आणि एक हार्डवेअरवाले (खिळे आणि पाइपवालं हार्डवेअर, कॉम्प्युटरचं असतं तर बरं झालं असतं). दर महिन्याच्या २० तारखेच्या आत जीएसटीचा ३बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायचा असतो, चुकला की दिवसाला ५० रुपये लेट फी आणि राहिलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज, आणि हे पैसे दुकानदाराच्या खिशातून गेले की पुढच्या महिन्यात माझं काम गेलं. तिघांचीही जूनची सगळी बिलं टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये, भरून तयार होती, टॅली त्याच लॅपटॉपमध्ये, आणि बॅकअप मी शेवटचा कधी घेतला होता तर एप्रिलमध्ये. हे लिहितानाही लाज वाटतेय.

मुळात लॅपटॉप दुकानात का दिला तर प्रिंटर चालत नव्हता. आणि कोपऱ्यात सारखे लाल लाल मेसेज यायचे, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस वगैरे. लॅपटॉप २०२१ मध्ये लेकीच्या ऑनलाइन कॉलेजसाठी घेतलेला, ती आता पुण्याला हॉस्टेलवर, तिला नवीन घेतला आणि हा माझ्या वाट्याला आला. जशी तिची जुनी बॅग वापरते तसाच.

तर काळी स्क्रीन. लेकीला फोन लावला. ती म्हणाली, अगं आई घाबरू नकोस, आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी अशी चारही बटणं एकत्र दाब, त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला स्क्रीनवर चित्र दाखवायला लागणारा प्रोग्रॅम, रिसेट होतो. दाबली. बारीक टुक असा आवाज आला, स्क्रीन तशीच. मग म्हणाली चार्जर काढ आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धर. धरलं, पुन्हा चालू केला, तेच. लोगो, ठिपके, अंधार. मग तिने एक विचारलं ते मला तेव्हा काही कळलं नव्हतं, कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो का? लागत होता, विझत पण होता. मग आई, आत विंडोज चालू आहे, फक्त दिसत नाहीये. मी म्हटलं न दिसणाऱ्या विंडोजचं मी काय करू.

मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरून पण बघितलं. कधीकधी म्हणे चित्र असतं, फक्त मागची लाइट गेलेली असते, मग टॉर्चमध्ये पुसट पुसट आयकॉन दिसतात. काही नाही दिसलं. मग ह्यांनी टीव्हीची एचडीएमआय केबल काढून लॅपटॉपला लावली, सासूबाईंची सिरियल चालू होती ती बंद पडली, आणि टीव्हीवर आलं नो सिग्नल. हे म्हणाले, बघ, टीव्हीवर पण येत नाही म्हणजे मदरबोर्डच गेला. सासूबाई म्हणाल्या, मग आता माझी सिरियल लाव.

१९ ला सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी शटरपुढे उभी. तो मुलगा म्हणाला, काकू, इथून तर चालू नेला तुम्ही, मी तुमच्यासमोर दाखवला. (मी ४६ ची आहे, तो तिशीचा असेल, पण असो.) पावसात पाणी गेलं असणार, डिस्प्ले गेला. ६८०० होतील, ३००० आत्ता द्या, संध्याकाळी बसवून देतो. उघडून बघितला पण नाही हो त्याने, नुसता चालू केला, काळं झालं, डिस्प्ले गेला. आणि मला ते पटलं पण होतं, कारण पाऊस खरंच होता आणि पिशवी खरंच थोडी ओली होती, आणि आपल्याला यातलं काही कळत नसलं की आपली चूक आहे हे लगेच पटतं. पर्समध्ये २००० होते म्हणून वाचले. ह्यांना फोन केला तर म्हणाले, लॅमिंग्टन रोडला विचार, तिथे स्क्रीन निम्म्यात मिळेल.

मग भांडुपवरून स्लो लोकल पकडून दादर, दादरचा पूल ओलांडून वेस्टर्न लाइनला, तिथून पुन्हा स्लो कारण ग्रँट रोडला फास्ट थांबत नाही. पूर्वेला उतरून चालत पाच-सात मिनिटं. पाटीवर रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे पण त्या नावाने कोणाला विचाराल तर तो तुमच्याकडेच बघत बसेल. नशिबाने रविवार नव्हता, रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात. सगळा रस्ता केबल, चार्जर, सीसीटीव्ही, सुटे भाग, आणि प्रत्येक दुकानाबाहेर एक माणूस, क्या चाहिए मॅडम. मी दोन दुकानांत स्क्रीनचा भाव विचारला, एकाने ४२०० सांगितला, एकाने ३९००. तिसरं दुकान म्हणजे जिन्याखालची चार फुटांची जागा, एक वयस्क चाचा भिंगाचा दिवा लावून कोणाचं तरी बोर्ड सोल्डर करत बसलेले. मी मॉडेल सांगितलं, स्क्रीनचा भाव विचारला.

त्यांनी मान वर न करता विचारलं, "चालू करने पे कंपनी का लोगो आता है?"

म्हटलं, "आता है, बाद में काला हो जाता है."

"तो फिर स्क्रीन काहे को बदल रही हो?"

मी गप्पच. मग त्यांनी लॅपटॉप मागून घेतला, चालू केला, लोगोवर बोट ठेवलं. ये कौन दिखा रहा है फिर? स्क्रीन मेली असती, तिची पट्टी सुटली असती किंवा लाइट गेली असती तर लोगो पण दिसला नसता. मी टीव्हीचं सांगितलं, तर हसले. म्हणाले, स्क्रीन खराब असती तर टीव्हीवर चित्र यायला पाहिजे होतं, दोन्हीकडे नाही म्हणजे दोघांना चित्र पाठवणारा बिघडलाय. आणि लोगोपर्यंत तो पण बरोबर आहे. मतलब विंडोज चालू होते ही कुछ गडबड. सॉफ्टवेअर में किसी ने हाथ डाला क्या?

मला तिथेच खाली बसावंसं वाटलं. काल रात्रीपासून लोगो मी किमान ३० वेळा बघितला होता! प्रत्येक वेळी बघितला आणि प्रत्येक वेळी त्याच्या नंतरच्या अंधाराकडेच बघत बसले.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, मी नंतर लेकीकडून नीट समजून घेतलं. लोगो दाखवतो तो लॅपटॉपचा स्वतःचा प्रोग्रॅम, बायॉस की काय म्हणतात तो, त्याला विंडोजशी देणंघेणं नाही, एकदम साध्या पद्धतीने चित्र काढतो. ठिपके फिरतात तेव्हाही तेच साधं चित्र चालू असतं. मग विंडोज स्वतःचा ग्राफिक्स ड्रायव्हर उचलतं आणि स्क्रीन त्याच्या ताब्यात देतं. तो ड्रायव्हर चुकीचा असला की ताबा घेताच अंधार. म्हणजे काळं कधी होतं तेच सगळं सांगतं. लोगोच नाही तर रॅम, स्क्रीन, बोर्ड यातलं काहीतरी. लोगो आहे आणि मग पूर्ण काळं, बाण पण नाही, तर बहुतेक ड्रायव्हर. आणि काळ्यावर बाण हलतोय तर ती गोष्ट अजून वेगळी, तेव्हा डेस्कटॉप काढणारा एक्सप्लोरर चालू झालेला नसतो, कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि त्यातून तो चालू केला की काम होतं म्हणे. आपण तिन्हीला 'काळी स्क्रीन' म्हणतो आणि दुकानदार तिन्हीला 'डिस्प्ले गेला' म्हणतो.

चाचांना म्हटलं, तुम्हीच करून द्या. म्हणाले, फॉरमॅट मारेन, ५०० रुपये, कल दोपहर को. पण उद्या दुपारी म्हणजे २० तारीख आणि फॉरमॅट म्हणजे टॅली गेली. नको म्हटलं. पैसे विचारले तर, अरे खोला कहाँ है मैंने. समोरून त्यांना चहा सांगितला आणि निघाले. येताना वाटेत ३२ जीबीचा एक पेन ड्राइव्ह घेतला, तो फार कामाला आला.

रात्री साडेनऊला बसलो. मी लॅपटॉपपुढे, लेक व्हिडिओ कॉलवर, हे शेजारी वही घेऊन.

पहिली गोष्ट, काही दिसतच नसताना दुरुस्तीच्या पानावर जायचं कसं. तर विंडोज चालू होत असताना मध्येच मुद्दाम बंद पाडायचं. ठिपके फिरायला लागले की पॉवरचं बटण दाबून धरायचं, पूर्ण बंद होईपर्यंत. असं दोनदा-तीनदा केलं की विंडोजला कळतं की आपण नीट चालू होत नाही आहोत आणि ते आपणहून दुरुस्तीच्या पानावर जातं. मला हे करताना फार जीवावर आलं, एवढी वर्षं शट डाऊनच करायचं असं सगळ्यांना सांगत आलेय. तिसऱ्या खेपेला लोगोखाली अक्षरं आली, ऑटोमॅटिक रिपेअरची तयारी चालू आहे. आणि मग निळं पान. निळं! मी एवढ्या जोरात ओरडले की सासूबाई आतून बाहेर आल्या. ६८०० रुपयांची स्क्रीन समोर छान निळी दिसत होती.

त्यातलं स्टार्टअप रिपेअर करून बघितलं, दहा मिनिटं फिरलं आणि सांगितलं जमलं नाही. सिस्टिम रिस्टोअर बघितलं म्हणजे चार दिवस मागे जाता येईल, तर एकही पॉइंट शिल्लक नाही, रिपेअरवाल्याने जागा मोकळी करताना उडवले असणार. मग पुढे गेलो तर पान आलं, बिटलॉकरची रिकव्हरी की टाका. ४८ आकडे.

हे काय नवीन? मी तर कधी असलं कुलूप लावलेलंच नाही. लेक म्हणाली, अगं तू नाही लावलंस, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला की बऱ्याच मॉडेलमध्ये ते आपोआप लागतं आणि किल्ली त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. अकाउंट कोणाचं? तिचं. कुठलं? कॉलेजचं की घरचं? इथे वीस मिनिटं गेली. कॉलेजचं अकाउंट तर कॉलेज संपल्यावर बंद झालेलं. त्या वीस मिनिटांत मी मनातल्या मनात तिन्ही दुकानदारांना काय सांगायचं ते पाठ केलं. शेवटी घरच्या ईमेलवर सापडली, एक नाही, दोन किल्ल्या. स्क्रीनवर की आयडी म्हणून लांबलचक काहीतरी लिहिलेलं असतं, त्याची पहिली आठ अक्षरं जुळवून बघायची आणि जुळेल ती घ्यायची. आम्ही आधी घाईत दुसरीच टाकली, सगळे ४८ आकडे, आणि मग कळलं.

सहा सहा आकड्यांचे आठ गट. लेक पुण्यातून वाचतेय, हे वहीत लिहितायत आणि मोठ्याने परत म्हणतायत, मी टाकतेय. सासूबाई म्हणाल्या, कसला जप चाललाय.

कुलूप उघडलं, पण लेकीने लगेच दुरुस्ती करू दिली नाही. आधी तुझा डेटा बाहेर काढ. आता जे सांगते ते मला सगळ्यात भारी वाटलं. त्या निळ्या पानावर कमांड प्रॉम्प्ट नावाचं काळं खोकं उघडता येतं, तिथे नोटपॅड असं टाइप करायचं, साधं नोटपॅड उघडतं. त्यात फाइल, ओपन, खाली 'ऑल फाइल्स' निवडायचं, की त्या छोट्या खिडकीतून अख्खा लॅपटॉप दिसतो. उजवं बटण, कॉपी, पेन ड्राइव्हवर जाऊन पेस्ट. फक्त तिथे सी ड्राइव्ह सीच असेल असं नाही, अक्षरं इकडची तिकडे होतात, म्हणून आत आपले फोल्डर दिसतात का बघून खात्री करायची. टॅलीचा डेटा फोल्डर सापडला, त्यात कंपन्यांचे नुसते आकड्यांच्या नावाचे फोल्डर, तीन. पेस्ट केल्यावर काहीच दिसत नाही, किती झालं किती राहिलं काही नाही, खिडकी नुसती गोठून बसते. मी हात न लावता बसून राहिले, पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता तेवढाच आधार. चार-पाच मिनिटांत झालं. तिन्ही फोल्डर पेन ड्राइव्हवर उघडून बघितले आणि मगच पाणी प्यायले.

आता खरी दुरुस्ती. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, पुन्हा तीच ४८ आकड्यांची किल्ली, मग यादी येते त्यात ४ दाबायचं, सेफ मोड. सेफ मोडमध्ये विंडोज बाहेरचा ग्राफिक्स ड्रायव्हर घेत नाही, स्वतःचा साधा वापरतं, त्यामुळे चित्र आलं. चित्र कसलं, हे एवढाले आयकॉन, पण माझा डेस्कटॉप, मागे लेकीचा दहावीतला फोटो. स्टार्टवर उजवं बटण दाबून डिव्हाइस मॅनेजर, त्यात डिस्प्ले ॲडॉप्टर्स, ड्रायव्हरची तारीख बघितली. लॅपटॉप २०२१ चा आणि ड्रायव्हर २०१७ चा! आधीच्या ड्रायव्हरवर परत जायचं बटण असतं ते राखाडी, दाबलं जात नाही. मग अनइन्स्टॉल, आणि तिथे एक छोटी चौकट असते की या ड्रायव्हरचं सॉफ्टवेअर पण काढून टाका, तिथे टिक करायची, नाहीतर विंडोज तोच आतून काढून परत बसवतं.

रिस्टार्ट केलं, डेस्कटॉप आला! ह्यांनी वही मिटली, सव्वाअकरा झाले होते, म्हटलं चला झोपू. आणि पाच मिनिटांत माझ्या डोळ्यांदेखत स्क्रीन एकदा लुकलुकली आणि परत काळी.

खरं सांगते, रडूच आलं.

लेक म्हणाली, थांब, कोणीतरी तो ड्रायव्हर परत बसवतंय. पुन्हा सगळं, तीनदा बंद पाडणं, निळं पान, किल्ली (पहिले दोन गट आता मला पाठ), ४ दाबणं. यावेळी टास्क मॅनेजरमध्ये लॅपटॉपबरोबर आपोआप काय काय चालू होतं ती यादी बघितली. त्यात दुकानातल्या मुलाने टाकलेला एक ड्रायव्हर अपडेट करणारा प्रोग्रॅम, फुकटातला. हाच तो गुन्हेगार. त्यानेच दुकानात जुना ड्रायव्हर चढवला, आणि तो लागू व्हायला रिस्टार्ट हवा होता म्हणून दुकानात सगळं झकास दिसलं. तो रिस्टार्ट मी घरी केला. म्हणजे मुलगा खोटं बोलत नव्हता, माझ्यासमोर चालू होता हे खरंच होतं. फक्त एकदा बंद करून चालू करून बघितला असता तर त्यालाच कळलं असतं.

तो प्रोग्रॅम आधी यादीत डिसेबल केला, घरचं वायफाय बंद केलं, ड्रायव्हर पुन्हा उडवला, रिस्टार्ट झाल्यावर तो प्रोग्रॅमच अनइन्स्टॉल केला (सेफ मोडमध्ये बरेचसे प्रोग्रॅम निघत नाहीत, म्हणून बाहेर येऊन). मग वायफाय चालू करून लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर गेलो, खालच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर टाकला, त्याच मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून घेतला, बसवला. स्क्रीन दोनदा लुकलुकली, माझा श्वास अडकला, आणि मग सगळं बारीक, सुबक, पहिल्यासारखं. पावणेदोन वाजले होते. त्यानंतर पाच वेळा रिस्टार्ट केला मी, उगाच, फक्त बघायला.

त्या यादीत अजून काय काय निघालं ते ऐका. रजिस्ट्री साफ करणारा एक प्रोग्रॅम. ऑफिसची चोरीची कॉपी, जी मी मागितलीच नव्हती. आणि बाहेरून बसून लॅपटॉप चालवता येतो असलं एक ॲप, पासवर्ड आधीच सेट करून ठेवलेला. दुकानवाले हे सोयीसाठी ठेवतात म्हणे, पुढच्या वेळी घरूनच बघून देता यावं म्हणून. असेलही. पण ज्या लॅपटॉपवरून मी तीन धंद्यांचे जीएसटीचे पासवर्ड टाकते त्याला मागचं दार? सगळं काढलं, अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन केला, आणि दुसऱ्या दिवशी आधी मोबाइलवरून सगळे पासवर्ड बदलले, मग कामाला बसले.

२० ला दुपारी साडेतीनपर्यंत तिघांचेही ३बी गेले. मेडिकलवाल्यांचा ओटीपी त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर जातो आणि मुलगा जेवायला गेला होता, तेवढाच काय तो खोळंबा.

दुकानात मी गेले होते नंतर, २२ ला. भांडायला म्हणून गेले आणि भांडण काही झालं नाही. त्याला ड्रायव्हरची तारीख मोबाइलमधल्या फोटोत दाखवली. त्याने बघितलं, जरा वेळ गप्प बसला, म्हणाला, काकू तो सॉफ्टवेअर सगळ्यांच्यातच टाकतो मी. ३०० रुपये परत दिले, ४०० स्वतःकडे ठेवले, कशाचे ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. त्याच्या मागच्या फळीवर पाच-सहा लॅपटॉप रांगेने ठेवलेले होते, प्रत्येकावर चिकटपट्टीने कागद, दोनांवर 'डिस्प्ले' असं लिहिलेलं. मी म्हटलं, ह्यांचा लोगो येतो का बघ रे एकदा.

बॅकअप आता दर शनिवारी, त्याच पेन ड्राइव्हवर. ती ४८ आकड्यांची किल्ली ह्यांच्या वहीत आहे, गॅसच्या ग्राहक नंबराच्या खालीच. आणि प्रिंटर अजून चालत नाही. झेरॉक्सवाल्याकडे जाते, पानाला पाच रुपये घेतो.